टॉवेलाखालचा आकडा

जुनी गाडी विकायला काढली की माणूस आधी डिकी रिकामी करतो. छत्री निघते, एकच चप्पल निघते, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघते, आणि "हे कधी ठेवलं?" असं तो स्वतःलाच विचारतो. किश्श्यांचंही तसंच असतं. ठेवत कुणी नाही, साठत जातात. आमच्या यार्डात अकरा वर्षांचे साठलेत, आणि त्यातले दहातले नऊ एकाच माणसाचे आहेत. दिनकरअण्णांचे.

यार्ड जुन्या गाड्यांचं, शिरोलीच्या अलीकडं हायवेच्या सर्व्हिस रोडला. मालक रणजित, माझा तालमीपासूनचा दोस्त. मी आरटीओची कागदं बघतो. नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं वगैरे. म्हणून अण्णा मला "कागदवाले" म्हणतात. आणि अण्णा म्हणजे गाडी बघून तिचा आकडा सांगणारा माणूस. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. मूळचे पेठ वडगावच्या बैलबाजारातले दलाल. बैल कमी झाले, गाड्या वाढल्या, तसे अण्णा इकडं आले. "चाकं लागली, एवढाच फरक," म्हणतात.

अण्णांचा डावा डोळा तरुणपणीच बैलाचं शिंग लागून गेला. सगळा धंदा उजव्या डोळ्यावर. दोन वर्षांपूर्वी त्या उजव्यात मोतीबिंदू उतरायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण अण्णा तयार होईनात. "दोन डोळंवाल्यानं एक द्यावा डॉक्टरच्या हातात. माझ्याकडं हायच एक. त्यो बी गेला तर मी गाडी कशानं बघू?" ऑपरेशन नाही केलं तर दिसायचं बंद होणार, आणि केलं आणि बिघडलं तरी तेच. आम्ही सगळे नुसते जिवाला घोर लावून बसलो होतो.

अण्णांची आकडा सांगायची रीत बाजारातली. तोंडानं बोलायचं नाही. समोरच्याच्या हातावर टॉवेल टाकायचा आणि खालून त्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, अर्धं बोट म्हणजे अर्धा, नुसता शेंडा म्हणजे दहावा हिस्सा. हजार की लाख, ते गाडीकडं बघून समजून घ्यायचं. मी एकदा विचारलं, "अण्णा, आता बाजार राहिला नाही, सरळ सांगा की." तर म्हणाले, "चारचौघात किंमत काढली की मालकाची मान खाली जाती. गाडी जुनी हुती. माणसाला कशाला जुना करायचा?" तेव्हापासून मी हा विषय काढला नाही.

*

अण्णा यार्डात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. एकजण चकाचक गाडी घेऊन आला. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मीटर पस्तीस हजार किलोमीटर.

"आम्ही वापरलीच कुठं," तो म्हणाला. "आठवड्यातनं एकदा, देवाला जायला."

अण्णांनी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि खाली उकिडवे बसून आत वाकले. रणजितला वाटलं काही पडलं. "काय शोधताय अण्णा?"

"दात बघालोय."

बैलाचं वय दातावरून कळतं हे आम्हाला माहीत होतं. गाडीचे दात कुठले, ते त्या दिवशी कळलं. अण्णांनी क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बोटानं चाचपलं. झिजून गुळगुळीत, रेघसुद्धा शिल्लक नव्हती. मग ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि त्या माणसाकडं मोठ्या मायेनं बघितलं.

"पावणं, देव लई लांबचा दिसतोय तुमचा."

तो माणूस आधी लाजला, मग हसला, आणि मीटर कुणाकडून मागं फिरवून घेतला तेही त्यानंच सांगितलं. चहा पिऊन गेला. पुढं दोन गिऱ्हाइकं त्यानंच पाठवली.

*

महापुरानंतरच्या हिवाळ्यात असाच एक तरुण आला. गाडी धुऊनपुसून लखलखीत. आत वासाच्या तीन डब्या टांगलेल्या. एक डबी माणूस हौसेनं लावतो. तीन लावल्या की काहीतरी झाकायचं असतं.

अण्णा मागच्या सीटवर जाऊन बसले. ते नेहमी आधी मागं बसतात. म्हणतात, म्होरं बसल्यावर सगळेच शहाणे होतात. त्यांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत, ओढत, अगदी शेवटच्या टोकापर्यंत बाहेर काढला. एवढा बेल्ट कुणी कधी ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या गाळाची रेघ होती. अण्णांनी ती नखानं खरवडली, दोन बोटांत चोळली.

"गाव कुठलं म्हणालासा?"

"नेसरी."

"नेसरीकडं माती तांबडी. ही काळी, चिकाट. ही शिरोळची माती हाय."

तरुण गडबडला. "शिरोळला मेव्हणा असतोय. गाडी त्याचीच हाय, मी इकालोय."

अण्णांनी बेल्ट सोडला, तो सरसर आत गेला. "मेव्हणा बरा हाय न्हवं? गाडी तर गळ्यापातूर बुडल्याली."

मग सगळं बाहेर आलं. गाडी त्याचीच होती. शिरोळला भाड्यानं राहायचा, घरातलं सगळं पाण्यात गेलं होतं, आणि पुरातली गाडी म्हटलं की कुणी उभं करत नव्हतं. अण्णांनी टॉवेल टाकला. पुरातल्या गाडीला सुट्या भागांचा म्हणून जो भाव मिळतो त्यापेक्षा दोन पेरं जास्त दाबली. तो गेल्यावर रणजित कुरकुरला, की खोटं बोलणाऱ्याला वर बक्षीस कशाला?

"खोटं त्यो बोलला," अण्णा म्हणाले. "पूर त्यानं आणला न्हवता."

मला तो दिवस विसरता येत नाही. गाडीतलं अण्णांना कळतं हे आम्हाला माहीत होतं. माणसातलंही तेवढंच कळतं, हे त्या दिवशी कळलं.

*

हुपरीच्या एका चांदीवाल्यानं चौदा वर्षांची व्हॅन आणली. घराघरातल्या कारखान्यांतून पैंजणं गोळा करून कोल्हापूरला पोचवायची, एवढंच काम त्या व्हॅननं आयुष्यभर केलेलं. अण्णांनी आकडा दाबला. चांदीवाल्याचा चेहरा पडला, पण म्हणाला, "ठीक हाय, तुमचा शब्द." मी कागदांवर सह्या घेतल्या.

तो निघाला तसं अण्णांनी हाक मारली. "पावणं, मॅटी घिऊन जावा गाडीतल्या."

"कशाला? फाटल्यात त्या."

"ऱ्हाऊ द्यात फाटक्या. न्या."

त्याला वाटलं, म्हातारा आपली चेष्टा करतोय. गाडीला एवढीच किंमत दिली आणि वर कचरा उचलायला लावतोय. रागारागानं मॅट गुंडाळल्या आणि एसटीनं गेला. चार दिवसांनी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन, धुऊन, त्यातले कण काढणारा झारेकरी असतो. घरी गेल्यावर ध्यानात आलं, तसं यानं त्याच्याकडं मॅट दिल्या होत्या. चौदा वर्षं कारागीर पायाला चांदीचा कीस घेऊन गाडीत चढत होते. मॅटमधून पोरीच्या पैंजणाच्या जोडाएवढी चांदी निघाली.

तो गेल्यावर रणजित डोक्याला हात लावून बसला. "अण्णा, सह्या झाल्यावर सांगितलंसा. गाडी आपली झालती, मॅटी बी आपल्याच झालत्या की."

अण्णा पेढा खात होते. "तू मला गाडीची किंमत इचारलीस. चांदीची कुठं इचारलीस?"

*

टॉवेलाचा खरा उपयोग बघायचा तर तो जोडप्यांच्या बाबतीत.

रिटायर्ड साहेब आणि त्यांच्या बाई आल्या. गाडी सोळा वर्षांची, साहेबांच्या जिवाचा तुकडा. बाईंना ती विकून स्वयंपाकघर नवं करायचं होतं, आणि साहेब कित्येक वर्षं घरात सांगत होते, की आपली गाडी आजसुद्धा चार लाखाला डोळे मिटून जाईल. हे बाईंनीच आम्हाला आल्या आल्या सांगितलं.

अण्णांनी फेरी मारली, मागं बसले, उठले, साहेबांच्या हातावर टॉवेल टाकला. एक बोट दाबलं. साहेब वाट बघत राहिले. पुढचं बोट काही दाबलं जाईना. अर्धं पेरसुद्धा नाही.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी टॉवेलाखालून हात काढून घेतला. "अण्णा म्हणतात, अशी गाडी विकायची नसते."

बाईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"व्हय वैनी. आमाला परवडायची न्हाय."

स्वयंपाकघर नंतर साहेबांनी ठेव मोडून केलं म्हणे. गाडी अजून त्यांच्या दारात आहे आणि दर दिवाळीला ते अण्णांना फराळ पाठवतात. बाईंना आकडा आजतागायत कळलेला नाही.

*

मग एकदा पुण्याहून जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा इन्स्पेक्टर आला. तरणाबांड, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, रंगाची जाडी मोजायचं यंत्र. रणजितला त्यांच्याशी भागीदारी करता येते का बघायचं होतं, म्हणून एकाच डिझेल गाडीची किंमत दोघांनी काढायची ठरलं. पोरगं मेहनती होतं. भर उन्हात तासभर गाडीखाली-गाडीवर करत दीडेकशे फोटो काढले. अण्णांना वीस मिनिटं लागली, त्यातली दहा गाडीच्या मालकाशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलण्यात गेली.

"झालं तुमचं?" म्हणत अण्णा इन्स्पेक्टरजवळ गेले, त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि खालून हात धरला. पोरगं एकदम दचकलं.

"काका, मी ठीक आहे. घाम उन्हामुळं आलाय. मला बीपी वगैरे नाही."

त्याला वाटलं, नाडी बघतायत! रणजित खुर्चीवरून घसरायचा राहिला. शेवटी मीच त्याला रीत समजावली. त्यानं पुन्हा हात पुढं केला. अण्णांनी दोन बोटं दाबली आणि तिसऱ्याचा नुसता शेंडा. दोन दहा. इन्स्पेक्टरनं टॅब उघडून बघितला, मग तो रणजितपुढं धरला. दोन लाख दहा हजार.

"सर, हे कुठलं सॉफ्टवेअर आहे?" त्यानं खरोखर विचारलं.

"वडगावचा बाजार," रणजित म्हणाला.

पोरगं हुशार निघालं. टॅब बाजूला ठेवून संध्याकाळपर्यंत अण्णांच्या मागं फिरलं आणि जाताना पाया पडून गेलं. भागीदारी काही झाली नाही.

*

पुढचा किस्सा आम्ही हसत हसत सांगायला सुरुवात करतो. शेवट मात्र कुणी सांगत नाही. मी सांगतो.

कागलचे कांबळे सर गाडी घेऊन आले. हायस्कुलात गणित शिकवणारे, शब्दाला पक्के. त्यांनी गाडी लावली ती रणजितच्या स्वतःच्या गाडीशेजारी. मॉडेल तेच. सर पाणी पीत होते तोवर अण्णांनी फेरी मारली, पत्रा बोटांनी वाजवला, दात बघितले, मागं बसून आले. सरांच्या हातावर टॉवेल पडला. अण्णांनी बोटं दाबली.

सरांनी दोन्ही गाड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "अण्णा, आकडा मला खूप आवडला. पण माझी गाडी ही नाही. ही रणजितशेठची. माझी पलीकडं आहे."

यार्डात हसू फुटलं. रणजितला मात्र वेगळीच उत्सुकता. "सर, किती दाबले?"

"तीन."

"तीन?" रणजितचं तोंड बघण्यासारखं झालं. तो गावभर आपल्या गाडीचे साडेचार सांगत फिरायचा. "अण्णा, माझ्या गाडीला फक्त तीन?"

"आकडा बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "गाडी चुकली."

आणि आकडा बरोबरच होता. पुढं रणजितनं ती गाडी विकली तेव्हा तीनच आले. हे सगळं आम्ही सांगतो. सांगत नाही ते असं, की रणजितची गाडी पांढरी होती आणि कांबळे सरांची गर्द निळी. हसणं थांबल्यावर हे एकेकाच्या लक्षात आलं. सर पुढं झाले, अण्णांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "चला, माझी दाखवतो." अण्णा त्यांच्याबरोबर चार पावलं गेले आणि थांबले. टॉवेलानं चष्मा पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"सर, आज ऱ्हाऊ द्या. बघितल्याबिगर आकडा द्यायचा न्हाय."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. किती महिने हा माणूस नुसत्या हातानं, कानानं आणि नाकानं गाड्या बघत होता आणि एकही आकडा चुकला नव्हता, म्हणून दिसणं एवढं कमी झालंय हे आम्हाला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा यार्डात यायचे, खुर्चीत बसायचे, पण कुणाच्या हातावर टॉवेल टाकायचे नाहीत.

*

ऑपरेशनला अण्णांना आम्ही कुणीच तयार करू शकलो नाही. पारूकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, जेवण सोडून बघितलं. रणजितनं शपथा घातल्या. शेवटी नुसतं तपासून तरी घेऊ म्हणून राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, काय करता? रणजितनं सांगितलं.

"अरे वा. मग माझी गाडी बघा की. विकायचीच आहे. किती येतील?"

अण्णा म्हणाले, "डोळ्यानं बघितल्याबिगर आकडा न्हाय देत मी."

"मग डोळा करून घ्या. माझी गाडी थांबेल तोवर."

अण्णांनी पुढच्या सोमवारची तारीख घेतली. नंतर रिक्षात म्हणाले, "बाईनं धंद्यात धरलं मला."

ऑपरेशनच्या दिवशी आत जायच्या आधी अण्णांनी दवाखान्याच्या पोर्चमध्ये उभ्या असलेल्या बाईंच्या गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारली. दात चाचपले. मागं बसले. काकू म्हणाल्या, "चला आता, बाई वाट बघत्यात." अण्णा उतरले, पण गाडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. आत जाताना त्यांनी माझा हात धरला होता. टॉवेल न टाकता ते कधी कुणाचा हात धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची. खोलीत काकू, रणजित आणि मी. अण्णा पलंगावर ताठ बसलेले, टोपी नीट घातलेली, टॉवेल खांद्यावर. बाईंनी हळूच पट्टी सोडवली, डोळा पुसला, थेंब घातले.

"सावकाश उघडा."

अण्णांनी डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. चेहऱ्यावर काहीच नाही. काकूंनी माझी बाही मुठीत धरली. बाई तीन पावलं मागं सरकल्या, हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"अण्णा, किती?"

अण्णा नुसते बघत राहिले. बाईंनी हात जरा जवळ आणला.

"सांगा, किती?"

तरी गप्प. रणजित भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला कुणाकडं बघवेना. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक वाजत होतं.

मग अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पलंगावरून पुढं वाकले आणि बाईंच्या त्या दोन बोटांवर अलगद टाकला.

"मॅडम, असा उघड्यावर आकडा दावायचा न्हाय. आन् तुमच्या गाडीला दोन लई हुत्यात."